घरी कसं जायचं, सांगा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज श्वासनळीच्या दुर्बिणी बऱ्याच होत्या. पहिलाच पेशंट उपाशीपोटी यायचं तर भरपेट नाश्ता करून आला. म्हणे, उपाशी म्हणजे जेवायचं नाही, आणि तो जेवला नव्हता. परत पाठवला. जाताना त्याची बायको माझ्याकडे अशी बघत होती की नाश्ता मीच भरवला.

मग एक मुख्याध्यापिका. कवळी काढायला तयार नाहीत. "नवऱ्यानंसुद्धा मला दातांशिवाय पाहिलेलं नाही," असं ठणकावून सांगितलं. सिस्टरने पडदा ओढला, मी पाठ फिरवली, छातीचे डॉक्टर छत न्याहाळत उभे राहिले. दात वाटीत आले. मग शिरेत सुई, बोटाला चिमटा, नाकाला ऑक्सिजन, घशात तो कडू फवारा. सगळं झाल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला — "बाई, इथून तुमच्या घरी कसं जायचं, सांगा."

हा प्रश्न माझा. बाकीचे भूलवाले आकडे उलटे मोजायला लावतात. आकडे म्हटलं की माणसाला परीक्षा वाटते आणि तो आखडतो. घरचा रस्ता सांगताना कुणी आखडत नाही. फाटकातून बाहेर, उजवीकडे, औषधाचं दुकान — इथपर्यंत सगळ्यांचा रस्ता एकच. पुढे जो तो आपापल्या दिशेने फुटतो. मी औषध थोडं थोडं सोडत जाते. कुठेतरी माणूस चुकतो. एकच वळण पुन्हा घेतो, नाहीतर लहानपणच्या घराकडे निघतो. तिथे थांबायचं! तेवढं औषध पुरे. मग डॉक्टर दुर्बीण श्वासनळीत उतरवतात. गाढ झोपवायचं नसतं इथे. श्वास ज्याचा त्याने घ्यायचा, खोका म्हटलं की खोकायचं, आणि नंतर काही आठवायचं नाही. म्हणजे तळ्यातही नाही आणि मळ्यातही नाही. मला पगार मिळतो तो त्या मधल्या जागेचा.

मुख्याध्यापिका दुसऱ्या चौकात डावीकडे वळल्या आणि तिथेच रेंगाळल्या. सगळं आटोपून बाहेरच्या खाटेवर आणल्यावर विचारतात, "मग, कधी सुरू करताय?" झालं म्हटलं तर विश्वास बसेना. दात घातल्यावर बसला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नवऱ्याचा खोकला चालूच. औषध दिलं की दबतो, पुन्हा डोकं वर काढतो. मी म्हटलं, एक्स-रे काढू. तो म्हणाला, काढू की. 'काढू की' म्हणजे 'काढणार नाही'. संसारात एवढी भाषा मी शिकले आहे.

निवृत्त झाल्यापासून माणूस बदलला हे मात्र खरं. सकाळी माझ्याबरोबर गाडीत बसतो, हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या वाचनालयात दिवस काढतो, संध्याकाळी फाटकाशी माझी वाट बघत उभा. घरी एकट्याला करमत नाही म्हणतो. सिस्टरला रोजची करमणूक — "मॅडम, आलं बघा तुमचं माणूस." लग्नानंतर पहिल्या वर्षीसुद्धा हा असा कधी उभा राहिला नव्हता. मी वरवर वैतागते. आतून बरं वाटतं, इथे लिहायला हरकत नाही.

भाजी आणायचंही सोडलं त्याने. "तूच आण, तुला चांगली निवडता येते." जन्मभर माझ्या भाजीला नावं ठेवणारा माणूस! मी कारण विचारलं नाही. विजय मिळाला की मुकाट पदरात पाडून घ्यावा.

पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा तो. गावातल्या रस्त्यांपेक्षा रस्त्यांखालचे पाइप त्याला जास्त पाठ. पाहुण्यांना घरचा पत्ता सांगायचा तोही तसाच — टाकीपासून मोठी लाइन धरा, तिसऱ्या व्हॉल्व्हला डावीकडे. त्यातले काही पाहुणे अजून फिरत असतील.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक्स-रे काढला. अक्षरशः ओढत नेला.

उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग आहे.

छातीच्या डॉक्टरांनी चहाच्या वेळी फिल्म खिडकीला धरली. मी असे हजार डाग पाहिलेत. दुसऱ्याच्या नातेवाइकांना "घाबरू नका, डाग अनेक प्रकारचे असतात" असं सांगून मी जेवायला जाते. आज डॉक्टरांनी तेच वाक्य मला ऐकवलं. तोच आवाज, तोच चेहरा. किती फालतू वाक्य आहे ते!

दुर्बीण टाकून आतून बघू या, म्हणाले. पुढच्या आठवड्यात. गुंगी मात्र मी द्यायची नाही. घरच्या माणसाला आपण भूल देत नाही — हात एकतर आखडतो नाहीतर सैल सुटतो. माझी चेली देईल. माझ्याच हाताखाली शिकली आहे, तोच प्रश्न विचारते, माझ्यापेक्षा गोड आवाजात.

मला भीती वाटते आहे. 

शनिवार, ८ फेब्रुवारी

सांगितलं. डागाबद्दल ऐकून घेतलं त्याने, मान हलवली. दुर्बिणीला हो म्हणाला. मला वाटलं सुटलो.

मग म्हणतो, "गुंगी नको. जागेपणीच घाला."

मी समजावलं. श्वासनळीत नळी जाते, माणूस खोकून खोकून बेजार होतो, धडपडतो, तपास अर्धवट राहतो. गुंगीत काही कळत नाही, आठवतही नाही. तो म्हणाला, मला आठवायला हवं आहे. मी म्हटलं, काय करायचंय आठवून?

भूलवालीचा नवरा भुलेशिवाय! हॉस्पिटलभर होणार हे. हलवायाच्या घरच्यांनी मिठाईला तोंड न लावण्यातली गत.

रविवार, ९ फेब्रुवारी

नाहीच म्हणतो आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज एक बांधकामाचे ठेकेदार. आडदांड माणूस, सुईला बघून पांढराफटक. रस्ता विचारला तेव्हा खुलला. पुलापर्यंत बरोबर गेला. पूल ओलांडल्यावर डावीकडे, गुलाबी इमारत, दुसरा मजला. "बेल नाही वाजवायची. दोनदा टकटक करायचं." बाहेर बसलेल्या बायकोने दिलेला पत्ता पुलाच्या उजवीकडचा होता. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरकडे पाहिलं. ऑक्सिजन उत्तम होता.

नंतर बायको हळूच विचारते, "आत काही बोलले का हो?"

"खोकले," मी म्हटलं.

आमच्या खोलीचा हा एकच नियम, तोही मीच घातलेला. गुंगीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. बायकोकडे नाही, नवऱ्याकडे नाही, चहाच्या टेबलावरसुद्धा नाही. माणूस त्याचा जीव आपल्या हातात देतो आणि वर जीभही देतो. जिभेचा गैरफायदा घ्यायचा नाही. चेलीला पहिल्या दिवशी मी शिरेत सुई घालायला शिकवण्याआधी हे शिकवलं होतं.

घरी येताना डोक्यात किडा वळवळला. नवऱ्याला गुंगी का नको आहे?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शेवटच्या पेशंटला उशीर झाला. बाहेर आले तर फाटकाशी नवरा नाही. वाचनालय बंद. फोन उचलेना. घरी आले तर घरातही नाही. दुर्बीण, डाग, सगळं डोक्यातून गेलं. नुसती बाल्कनीत येरझारा घालत राहिले.

अंधार पडता पडता एक निळी गाडी थांबली. हा उतरला. चालवणारी बाई माझ्याच वयाची, आखूड केस, बरी दिसत होती. तो फाटकातून आत येईपर्यंत गाडी हलली नाही. बाईने खिडकीतून मान काढून पाहिलं, मग गेली.

वर आल्यावर मी काही विचारायच्या आधीच सांगायला लागला. तुला उशीर झाला म्हणून चालत निघालो. वाटेत ऑफिसातली जुनी ओळख भेटली. तिने सोडलं.

नाव काय तिचं?

"आता लक्षात नाही ग."

नाव लक्षात नाही, आणि दारापर्यंत सोडते! मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, चांगली ओरडली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. डागाचं तिला माहीत आहे, रोज विचारते. आज मी निळ्या गाडीचं सांगितलं. तिला कधी नव्हे तो हसण्याचा झटका आला. "आई, बाबांना टीव्हीचा रिमोट सापडत नाही. त्यांना बाई कुठून सापडणार?"

मी म्हटलं, मग गुंगीला का घाबरतो? आत काय आहे एवढं?

ती म्हणाली, भीती असेल तुम्हा दोघांना, दुसरं काही नाही. आणि मागच्या महिन्यात त्यांना चार दिवस इकडे ये म्हटलं तर म्हणाले, आई असेल तरच येतो. हे काय प्रेम उतू चाललंय या वयात! मी फोन ठेवला. सांत्वन करून घ्यायला फोन केला होता, चेष्टा पदरात पडली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

छातीचे डॉक्टर स्वतः वाचनालयात जाऊन त्याच्याशी बोलले. भला माणूस. म्हणाले, जागेपणी करता येते, पण तुम्ही असे खोकाल की मला तुमच्या फुप्फुसाऐवजी माझ्या चष्म्याचे फोटो मिळतील. नवरा हसला. तरी नाहीच.

घरी आल्यावर मी पदर पसरला नाही, रडले नाही. जेवताना एवढंच म्हटलं, "मला विधवा व्हायचं नाही. झालेच तर निदान तुझ्या हट्टामुळे नको."

त्याने ताट पुढे सारलं. मग म्हणाला, बरं. पण तू आत थांबायचं नाहीस. मी म्हटलं, मी थांबणारच नाही, तसा नियमच आहे. त्यावर त्याने जो सुटकेचा श्वास सोडला तो मला पलीकडे ऐकू आला. मी श्वास ऐकण्याचीच नोकरी करते.

मग हात धुताना, मागे वळून न बघता, "तुझी ती शिष्या पण तोच प्रश्न विचारते का? रस्त्याचा?"

हो.

"तिला सांग ना, मला काही विचारू नको म्हणावं. नुसतं औषध दे. नाहीतर आकडे मोजतो मी. उलटे, सुलटे, कसेही."

सांगते, म्हटलं.

म्हणजे भीती औषधाची नाही! रस्त्याची आहे. कुणाच्या घरचा रस्ता तोंडातून निघेल याची.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चेलीला सांगितलं नाही. मुद्दाम.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाग आली तर शेजारी नाही. बाल्कनीत पाठमोरा उभा, तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने धरत होता, एकेक करून. मी गेले तशी गप्प झाला. या माणसाने आजवर देवाला कधी त्रास दिला नव्हता. उद्याची धास्ती घेतली आहे, दुसरं काय.

माझा राग विरघळला. चहा करून दिला. चहा चांगला झाला म्हणाला. त्याने चहाचं कौतुक केलं म्हणून मला रडू आलं, म्हणजे आता माझंही काही खरं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज मी बाकावर बसले. नातेवाइकांच्या.

इतकी वर्षं मी त्या दाराच्या आत असते. बाहेरून ते दार एवढं मोठं दिसतं हे माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचं कोण आहे?" नवरा, म्हटलं. "घाबरू नका, भूल देणाऱ्या मॅडम फार चांगल्या आहेत म्हणे." मी हो म्हटलं. काय म्हणणार!

आत चाललेलं एकूण एक माहीत असणं हा शाप आहे. दार बंद झालं — आता सुई. आता चिमटा, आता तो मॉनिटरचा टुकटुक आवाज. आता फवारा, आता तो तोंड वेडंवाकडं करणार. आता ती विचारणार. मी कान लावून बसले. शब्द येत नाहीत दारातून, नुसता आवाज येतो. तिचा आवाज आला. त्याचा आला. मग शांतता, जरा लांबलेली. पुन्हा तिचा आवाज. पुन्हा त्याचा, अगदी थोडा. मग बराच वेळ काही नाही. मग कफ ओढायच्या नळीचा खरखराट, आणि मला कळलं की दुर्बीण आत गेली.

डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आले. गाठ दिसली नाही, म्हणाले. सूज आहे, पू आहे, नमुने घेतलेत. रिपोर्ट येईपर्यंत मी काही बोलणार नाही — पण तुम्ही जेवा. 'तुम्ही जेवा' हे ते उगाच म्हणत नाहीत. तरी मी डबा उघडला नाही.

नवऱ्याला बाहेरच्या खाटेवर आणलं. डोळे अर्धे मिटलेले. "कधी सुरू करणार?" सगळे हेच विचारतात! मी हसले. मग त्याने माझा हात चाचपून धरला.

"तू आत नव्हतीस ना?"

"नव्हते."

"बरं झालं," म्हणाला, आणि झोपला.

हसू तिथेच विझलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चेली मला टाळते आहे. कालपासून. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले की तिला काहीतरी काम आठवतं. एरवी माझ्या डब्यात न विचारता हात घालणारी मुलगी.

दुपारी गाठलीच. चेष्टेच्या सुरात विचारलं — मी नीट तयारी केली होती त्या सुराची — काय ग, आमचे साहेब कुणाच्या घरी पोहोचले काल?

तिचा चेहरा उतरला. "मॅडम, खोलीतलं खोलीत. तुम्हीच शिकवलंत."

मी म्हटलं, हो हो, गंमत केली.

म्हणजे आहे काहीतरी. नसतं तर हसून "तुमच्याच" म्हणाली असती. एवढं सोपं उत्तर!

सोमवार, २४ फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. नवऱ्याशी कामापुरतं बोलते. त्याच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे. काल एकच गोष्ट दोनदा सांगितली त्याने मला, मन वळवण्यासाठी असेल. दोन्ही वेळा मी हूं म्हटलं.

आज वाईट झालं. एक आजोबा होते, किरकोळ अंगाचे. रस्ता सांगता सांगता नदीकाठच्या शाळेत जाऊन पोहोचले, म्हणजे पन्नास-साठ वर्षं मागे. तिथे मी थांबायला हवं होतं. माझं लक्ष निळ्या गाडीत होतं. हात औषध सोडत राहिला. सिस्टर जोरात खाकरली तेव्हा भानावर आले. मॉनिटरचा सूर खाली घसरला होता, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन उतरला होता. हनुवटी वर उचलली, ऑक्सिजन वाढवला, हाक मारली, "आजोबा, श्वास घ्या!" घेतला. सूर वर आला. कुणाला काही झालं नाही. डॉक्टरही काही बोलले नाहीत.

पण त्यानंतर मी सिरिंज खाली ठेवली. उरलेले पेशंट चेलीने केले. एकदा माझ्याकडे येऊन उभी राहिली, काही सांगायचं असल्यासारखी, आणि परत गेली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कॅन्सर नाही!

जुना जंतुसंसर्ग. काही महिने गोळ्या, मग पुन्हा एक्स-रे. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि छत न्याहाळत उभे राहिले, मुख्याध्यापिका बाईंच्या दातांच्या वेळी राहिले होते तसेच. मी सिलिंडरच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. तिथे बरं असतं, सगळे सिलिंडर उभे असतात, कुणी विचारत नाही.

संध्याकाळी फाटकाशी त्याला सांगितलं. "म्हणजे वाचलो तर," म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "तू वाचलीस म्हण." गाडीत मी त्याचा हात धरला. गिअर बदलायला लागतो म्हणून सोडला, पुन्हा धरला.

ठरवलं आहे. गुलाबी इमारत असो, निळी गाडी असो, मी काही विचारणार नाही. माणूस जिवंत आहे, शेजारी खोकतो आहे, पुष्कळ झालं. ती बाई कधी आलीच दारात तर आत बोलवीन, चहा विचारीन. बहुतेक. चहा फार चांगला करणार नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चेली आज स्वतःहून आली. दार लावून घेतलं.

"मॅडम, आपला नियम गुंगीतल्या बोलण्याला आहे ना?"

हो, म्हटलं.

"मग सांगते. फाटकातून बाहेर, उजवीकडे, औषधाचं दुकान, इथपर्यंत सर पाठ केल्यासारखं बोलले. मग थांबले. मला वाटलं घाबरलेत, म्हणून परत विचारलं. तर म्हणाले, पुढचं मला येत नाही. पुढे बायको नेते. तिला सांगू नका." तिने डोळे पुसले. "सिरिंज माझ्या हातात होती, मॅडम. मी औषध सोडलंच नव्हतं."

संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता. गाडीत बसला. मी निघाले आणि एकेक वळण मोठ्याने सांगत गेले — हे औषधाचं दुकान, आता सरळ, आता ही तुझी टाकी, टाकीपाशी डावीकडे. का सांगतेस असं त्याने विचारलं नाही. टाकी मागे पडल्यावर तो माझ्याबरोबर म्हणायला लागला.